अमेरिकेत डिग्री घेताय? लायसन्स कुठल्या राज्याचं हवंय ते आधी ठरवा

निशिगंध

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या आठवड्यात इथे न्यू जर्सीत ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, काउन्सेलिंगच्या ऑनलाइन मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सोमवारी फी भरायची आहे. काही बघायचं राहिलंय का?" तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं २०१६ साली मला कोणी सांगितलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती. म्हणून इथे लिहून ठेवते.

माझी गोष्ट अशी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टेक्ससला आलो. मी पुण्यात मानसशास्त्रात एमए केलेलं. एच-४ (नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) वर कामाचं परमिट मिळालं तेव्हा ठरवलं की इथलं रीतसर शिक्षण घेऊन काउन्सेलर व्हायचं. मुलगा लहान, म्हणून ऑनलाइन कोर्स निवडला. दुसऱ्याच राज्यातलं विद्यापीठ, मान्यताप्राप्त, नाव चांगलं. डिग्री ४८ क्रेडिट्सची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप). टेक्ससमध्ये तेव्हा ४८ चालत होते, त्यामुळे मी निर्धास्त. सल्लागार बाईंनी फोनवर सांगितलं, "हा लायसन्सच्या वाटेवरचाच कोर्स आहे." खोटं नव्हतं ते. कुठल्या राज्याच्या वाटेवरचा, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

२०१८ला नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही न्यू जर्सीत आलो. डिग्री पुरी झाली, पदवीदानाचे फोटो घरी पाठवले, आईने पेढे वाटले. मग राज्याच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाकडे अर्ज केला. उत्तर आलं ते एका पानाचं. त्यावर तक्ता होता: डावीकडे विषयगट, मधे लागणारे क्रेडिट्स, उजवीकडे माझे. न्यू जर्सीला ६० लागतात. माझे ४८. आणि करिअर काउन्सेलिंगच्या रकान्यात शून्य. तो विषय मी शिकले होते, पण आमच्या विद्यापीठात तो दुसऱ्याच नावाच्या पेपरात गुंडाळलेला होता. बोर्ड म्हणालं, अभ्यासक्रमाचा तपशील दाखवा. तोवर विद्यापीठाच्या पोर्टलवरचं माझं खातं बंद झालेलं. शिकवणाऱ्या बाई दुसरीकडे गेलेल्या. त्यांना शोधून, मेल करून, सात आठवड्यांनी ती आठ पानं मिळाली.

पुढे चार पेपर जवळच्या कॉलेजात केले, तीन सेमिस्टरमध्ये. खर्च स्वतःचा. आता लायसन्स आहे, काम आहे, समाधान आहे. पण हे टाळता आलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट: डिग्री विद्यापीठ देतं, लायसन्स राज्य देतं. दोघांचे कागद वेगळे, माणसं वेगळी, आणि एकाने दिलं म्हणून दुसरा देईलच असं नाही. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला विचाराच, पण ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या बोर्डालाही विचारा, आणि मेलवर विचारा म्हणजे उत्तर हातात राहतं.

दुसरी: प्रत्येक पेपरचा पूर्ण तपशील ज्या आठवड्यात मिळेल त्याच आठवड्यात स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. प्रॅक्टिकम (देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम) आणि इंटर्नशिपच्या तासांच्या नोंदी सुपरव्हायजरच्या सहीसकट ठेवा. सुपरव्हायजर नोकरी सोडतात, क्लिनिकं बंद पडतात.

बाकीच्यांनी आपापल्या क्षेत्रातलं लिहा. मला फक्त काउन्सेलिंगचं माहीत आहे.

---

रानजाई

फार कळीचा विषय काढलास निशिगंध. मी शाळेत शिकवण्यासाठी मास्टर्स बघतेय. एका विद्यापीठाच्या साइटवर लिहिलंय की त्यांना न्यू जर्सीत ऑनलाइन शिक्षण द्यायला अधिकृत परवानगी आहे. म्हणजे माझं काम झालं ना?

---

निशिगंध

नाही गं, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ती परवानगी शिकवण्याची आहे. एका राज्यातल्या कॉलेजने दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याला ऑनलाइन शिकवावं यासाठी राज्याराज्यांत करार आहे, त्याला सारा म्हणतात. कॅलिफोर्निया सोडून बाकी सगळी राज्यं त्यात आहेत. कॉलेज त्यात असलं म्हणजे ते तुला शिकवू शकतं, इतकंच. तू शिकून आल्यावर राज्य तुला वर्गात उभं करेल का, त्याच्याशी त्या कराराचा काही संबंध नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या पानावर असतं. फेडरल सरकारची मदत घेणाऱ्या कॉलेजांना १ जुलै २०२० पासून जाहीर करावं लागतं की लायसन्स लागणाऱ्या पेशासाठीचा त्यांचा कोर्स कुठल्या राज्यांच्या शैक्षणिक अटी पुऱ्या करतो, कुठल्या करत नाही. २०२४ पर्यंत 'ठरवलेलं नाही' असा तिसरा रकानाही चालायचा. साइटवर 'प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर' असं शोध, बहुतेक ठिकाणी राज्यांची लांबलचक यादी सापडते. सुरुवातीला पुष्कळ कॉलेजांनी 'ठरवलेलं नाही' या रकान्यात राज्यं ढकलली होती. १ जुलै २०२४ पासून नियम कडक झाला. प्रवेश घेताना विद्यार्थी ज्या राज्यात आहे, तिथल्या लायसन्सच्या शैक्षणिक अटी कोर्सने पुऱ्या केल्याच पाहिजेत. दुसऱ्या राज्यात नोकरी करणार असं तू लेखी दिलंस तर त्या राज्याच्या.

आता 'प्रवेश घेताना' हे शब्द नीट वाच. आपल्या घरांतून काय होतं? नवऱ्याचा किंवा बायकोचा प्रोजेक्ट संपतो, कंपनी बदलते, दोन वर्षांत बिऱ्हाड हलतं. कॉलेजची जबाबदारी तू सही केलीस त्या दिवशीच्या पत्त्यापुरती. तू डॅलसमध्ये प्रवेश घेतलास आणि डिग्री एडिसनमध्ये हातात आली, तर मधला फरक तुझ्या खिशातून. हा नियम आधी असता तरी मी अडकलेच असते, कारण प्रवेश घेताना मी टेक्ससमध्येच होते.

म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, एक राज्य बघू नकोस. आत्ताचं बघ, आणि तुमच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या जिथे असतात अशी आणखी दोन-तीन बघ. त्यातल्या सगळ्यात कडक राज्याच्या मापाचा कोर्स घे.

---

रानजाई

सापडलं ते पान! न्यू जर्सी 'पूर्ण करतो' मध्ये आहे. पेनसिल्व्हेनिया 'करत नाही' मध्ये. आम्ही नदीच्या या काठावर राहतो, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. बरं झालं विचारलं.

---

सह्यवारा

सिव्हिल इंजिनियरांसाठी लिहितो. सॉफ्टवेअरवाल्यांना आणि कंपनीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बहुतेकांना पीई (प्रोफेशनल इंजिनियर) लायसन्स लागत नाही, त्यामुळे आपल्यात याची चर्चा कमी. पण पूल, इमारती, पाणीपुरवठा, म्हणजे जिथे नकाशावर शिक्का मारावा लागतो तिथे पीईशिवाय ठरावीक पायरीच्या वर जाता येत नाही.

माझं बीई पश्चिम महाराष्ट्रातल्या कॉलेजातून, एमएस इथलं. माझी समजूत अशी की अमेरिकन एमएस आहे म्हणजे देशातल्या बीईकडे कोण बघतंय! पण अॅबेट या इंजिनियरिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता बहुतांशी बॅचलर्सच्या कोर्सला असते, आणि आमच्या बोर्डाने बीईचंच मूल्यमापन मागितलं. ते एनसीईईएस ही इंजिनियर लायसन्स बोर्डांची देशव्यापी संस्था करते. निकाल आला: गणित, विज्ञान, इंजिनियरिंग भरपूर. कमी काय, तर सर्वसाधारण शिक्षण. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य, असं काहीतरी. आपल्या बीईत ते कुठे असतं? भारतातल्या बऱ्याच जणांचं इथेच अडतं. मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे दोन वर्ग केले, त्यातला एक अमेरिकेच्या इतिहासाचा. मला तो मनापासून आवडला, हेही सांगतो.

त्याआधी ट्रान्सक्रिप्ट. विद्यापीठाने परस्पर, सीलबंद पाकिटात पाठवायचं, पाकिटाच्या तोंडावर शिक्का आणि सही. माझा धाकटा भाऊ त्यासाठी तीनदा एसटीने गेला. पहिल्यांदा शिक्का होता, सही नव्हती. दुसऱ्यांदा सगळं बरोबर, पण घरी वडिलांनी कौतुकाने पाकीट उघडून बघितलं. तिसऱ्यांदा झालं. देशात असाल तोवर चार-पाच सीलबंद प्रती काढून ठेवा, आणि घरच्यांना बजावून ठेवा की उघडू नका.

---

पिंपळपान

बीफार्म, २००६. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला इथल्या परीक्षेच्या वाटेवर पाऊल टाकायलाच पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बीफार्म चार वर्षांचं. वर एमफार्म केलं तरी पहिली व्यावसायिक पदवी चार वर्षांचीच राहते. माझ्या वर्गातले हुशार लोक इथे येऊन दुकानात टेक्निशियन म्हणून काम करतात. भारतात २००८ पासून सहा वर्षांचं फार्मडी (डॉक्टर ऑफ फार्मसी) सुरू झालं, त्यांची वाट मोकळी आहे. कोणाची मुलं बारावीनंतर फार्मसीला जात असतील आणि पुढे अमेरिकेचा विचार असेल तर हा निर्णय बारावीनंतरच घ्यावा लागतो. नंतर वाट फार अवघड होते.

---

कवडसा

वाचून राग येतो. मी पुण्यात बारा वर्षं फिजिओथेरपी केली. गुडघा पुण्यातला असो की फिनिक्समधला, सांधा तोच ना? इथे माझ्या साडेचार वर्षांच्या बीपीटीचा एकेक विषय मोजला, आणि तोही मी ज्या वर्षी पदवी घेतली त्या वर्षीच्या मापपट्टीने. माझी स्पष्ट भावना आहे की हे सगळं इथल्या लोकांच्या नोकऱ्या राखण्यासाठी आहे.

---

अबोली

कवडसा, तुमचा राग खोटा नाही. मीही त्यातून गेले आहे. मी नर्स, मिरजेत शिकले, मग आखातात होते, आता सोळा वर्षं इथे. पण दुसरी बाजू रोज वॉर्डात बघते म्हणून लिहिते.

लायसन्स राज्याने देण्याची पद्धत इथे जुनी आहे. वेस्ट व्हर्जिनियात डेंट नावाचे एक डॉक्टर होते, काही वर्षं प्रॅक्टिस करत होते. राज्याने कायदा केला की मान्य कॉलेजचं प्रमाणपत्र हवं, त्यांचं बोर्डाने मानलं नाही. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १८८९ साली कोर्टाने सांगितलं की रुग्णाला डॉक्टरचं ज्ञान स्वतः तपासता येत नाही, त्याच्या वतीने ते तपासण्याचा अधिकार राज्याला आहे. मला हे पटतं. रात्री तीन वाजता इन्सुलिनचा डोस भरताना पलीकडच्या आजोबांना माझं नावही माहीत नसतं. ते माझ्या बिल्ल्यावरच्या 'आरएन' (रजिस्टर्ड नर्स) या दोन अक्षरांवर विश्वास ठेवतात.

पण पन्नास राज्यांनी पन्नास मापं ठेवावीत, हे मला पटत नाही. आमच्या पेशाने त्यावर तोडगा काढला आहे. परीक्षा देशभर एकच, एनक्लेक्स. चाळीसहून जास्त राज्यांनी आपसात करार केलाय, तिथे एका लायसन्सवर सगळीकडे काम करता येतं. घर बदलून करारातल्या दुसऱ्या राज्यात गेलात तर साठ दिवसांत तिथे अर्ज करायचा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क मात्र अजून बाहेर आहेत, म्हणजे आपली माणसं जिथे जास्त आहेत तीच दोन! आपल्याकडेही महाराष्ट्रातली नर्स दुसऱ्या राज्यात गेली की कौन्सिलची नोंदणी हलवावी लागते, तेव्हा हा ताप फक्त इथलाच नाही.

---

निशिगंध

अबोलीताई, किती छान लिहिलंत. काउन्सेलरांसाठीही असा करार होतोय, तीसहून जास्त राज्यांनी कायदा केलाय. पण त्यातही ६० क्रेडिट्सचं शिक्षण आणि आधी घरच्या राज्याचं पूर्ण लायसन्स लागतंच. कमी क्रेडिट्सची डिग्री करारामुळे मोठी होत नाही.

कवडसा, तुमचं पुढे काय झालं ते लिहाल का? मूल्यमापनात कमी काय निघालं?

---

कवडसा

क्लिनिकल तास निघाले बरेच, ते चालले. कमी निघालं ते औषधशास्त्र, इमेजिंग आणि इथल्या पद्धतीचं कागदपत्र ठेवणं. इमेजिंगबद्दल खरं सांगतो, एमआरआय वाचायला मला कोणी शिकवलंच नव्हतं, मी ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालायचो. इथे रुग्ण थेट माझ्याकडे येऊ शकतो. ते पेपर करतोय आता. पण माझ्या बारा वर्षांच्या कामाला त्या तक्त्यात एकही रकाना नाही, याचं दुःख आहे आणि ते राहणार.

---

हिशेबनीस

सीपीए, म्हणजे आपल्या सीएसारखं इथलं लायसन्स, घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. लायसन्सला १५० क्रेडिट्स हा वर्षानुवर्षांचा नियम, चार वर्षांच्या डिग्रीचे साधारण १२० होतात. म्हणून इथली मुलंसुद्धा ३० क्रेडिट्ससाठी पाचवं वर्ष करायची. आता हे हलायला लागलंय. ओहायोने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला: बॅचलर्स, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव, हीही वाट १ जानेवारी २०२६ पासून खुली. इतर राज्यंही त्याच मार्गाला लागली आहेत. तेव्हा आत्ता केवळ क्रेडिट्स भरण्यासाठी महागडं मास्टर्स घेण्याआधी आपल्या राज्याचा ताजा नियम वाचा.

आपल्या तीन वर्षांच्या बीकॉमचं काय, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. एकच उत्तर नाही. परीक्षेला बसायला किती, लायसन्सला किती, सीएचे पेपर धरायचे की नाही, हे राज्यागणिक आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थेगणिक बदलतं. परीक्षा २०२० पासून मुंबईतही देता येते, आणि म्हणून लोकांना वाटतं की हे भारतातलं काहीतरी झालं. अर्ज करताना कुठलं तरी एक अमेरिकन राज्य निवडावंच लागतं. क्लासवाले निवडून देतात म्हणून निवडू नका. तिथे परीक्षेला बसता येतं, पण लायसन्सच्या अटी तुम्हाला कधीच पुऱ्या करता येणार नाहीत, असंही होऊ शकतं.

---

गोदातीर

मी नाशिकहून लिहितोय. मुलगी बीआर्कच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक एमएस इन आर्किटेक्चर, दीड वर्षाचं, शिष्यवृत्तीसह. दुसरं एमआर्क, जास्त मुदतीचं आणि बरंच महाग. आम्हाला वाटत होतं दोन्ही एकच. तिला तिथे आर्किटेक्ट म्हणून काम करायचं आहे. भारतात तर कौन्सिलची एक नोंदणी झाली की देशभर चालते, त्यामुळे हा राज्यांचा प्रकार आम्हाला नवीन आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

---

ओटीवरून

काका, बरं झालं वेळेत विचारलंत. हे दोन्ही एक नाहीत. मी आर्किटेक्ट आहे, न्यूयॉर्कमध्ये.

लायसन्सच्या दृष्टीने इथे मोजली जाते ती नॅब या आर्किटेक्चरचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली व्यावसायिक पदवी: बीआर्क, एमआर्क किंवा डीआर्क. एमएस इन आर्किटेक्चर ही संशोधनाकडे किंवा एखाद्या खास विषयाकडे झुकलेली डिग्री, तिला ती मान्यता नसते. अभ्यास उत्तम असू शकतो, माझ्या ऑफिसात अशी दोन हुशार मुलं आहेत. पण लायसन्सच्या वाटेवर ती डिग्री त्यांना पुढे नेत नाही. आणि प्रत्येक एमआर्कलाही मान्यता असते असं नाही. आधीच बीआर्क झालेल्यांसाठीचे एक वर्षाचे एमआर्क असतात, त्यांतले बरेच मान्यतेबाहेर. म्हणून डिग्रीच्या नावावर जाऊ नका, नॅबच्या यादीत तो विशिष्ट कोर्स आहे का ते बघा.

त्यानंतर ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा. तीन हजार सातशे तास म्हणजे सलग नोकरीची जवळजवळ दोन वर्षं, आणि ते सहा वेगवेगळ्या प्रकारच्या कामांत विभागून भरावे लागतात. मला ड्रॉइंगचे तास पटापट मिळाले, साइटवरचे मिळेनात. शेवटी बॉसला सांगून दर गुरुवारी हेल्मेट घालून क्वीन्समधल्या एका शाळेच्या बांधकामावर जायला लागले.

एमएस घेतलंच तर सगळं संपतं असं नाही. काही राज्यं, त्यात आमचं न्यूयॉर्क, जास्त वर्षांचा अनुभव धरून मान्यता नसलेल्या शिक्षणावरही लायसन्स देतात. भारतातल्या पाच वर्षांच्या बीआर्कचं मूल्यमापनही करून घेता येतं. पण मग ती त्या राज्यांपुरती बांधली जाईल, आणि व्हिसावर असताना नोकरी कुठल्या राज्यात मिळेल हे आपल्या हातात नसतं. शिष्यवृत्ती किती आणि पुढची वर्षं किती, हा हिशेब तिच्यासोबत बसून करा. तिला विद्यापीठाला एकच ओळ विचारू दे: "हा कोर्स नॅबमान्य व्यावसायिक पदवी आहे का?" उत्तर हो किंवा नाही असंच यायला हवं. लांबण लावली तर समजा, नाही.

---

गोदातीर

खूप खूप आभार. मुलीला वाचून दाखवलं. तिने रात्रीच दोन्हीकडे मेल पाठवला आहे.

---

रानजाई

निशिगंध, बोर्डाला मेल करताना नेमकं काय लिहू? मी फोन केला तर "आम्ही अर्ज आल्याशिवाय मत देत नाही" म्हणाले.

---

निशिगंध

बरोबर आहे, 'मला लायसन्स मिळेल का' असं विचारलं की ते हेच म्हणतात. अर्जाआधी कोणाही एका माणसाबद्दल ते शब्द देत नाहीत. प्रश्न स्वतःबद्दल न विचारता नियमाबद्दल विचार. अमुक लायसन्ससाठी किती क्रेडिट्स, कुठले विषयगट, प्रॅक्टिकमचे किती तास, ते तास ऑनलाइन चालतात की समोरासमोर हवेत, कोर्सला कुठली मान्यता लागते, आणि हे ज्या नियमात लिहिलंय त्याचा क्रमांक. क्रमांक मिळाला की स्वतः वाच. भाषा रुक्ष असते पण समजते. मग कोर्सची विषययादी शेजारी ठेवून एकेका ओळीवर टिक कर. नियम मधेच बदलतात, म्हणून दरवर्षी एकदा परत बघ.

---

गोदातीर

कळवायचं राहिलं होतं. महाग कोर्सवाल्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: हो, मान्यता आहे, सोबत मान्यतेच्या पुढच्या तपासणीचं वर्षही लिहिलंय. शिष्यवृत्तीवाल्यांनी सरळ लिहिलं की आमची डिग्री लायसन्ससाठी नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं. मुलीने एमआर्क घ्यायचं ठरवलंय, पण एक वर्ष थांबून. इथे नोकरी करून पैसे साठवणार म्हणते. कॉलेजने जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली आहे.

---

निशिगंध

काका, तिला शुभेच्छा. बीआर्कच्या सीलबंद ट्रान्सक्रिप्ट्स याच वर्षात काढून ठेवायला सांगा, सह्यवारा म्हणतात तशा.

आणि ज्या मुलीमुळे हा धागा काढला तिचं सांगते. तिने सोमवारी फी भरली नाही, पंधरा दिवसांची मुदत मागितली, मिळाली. बोर्डाचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. तिच्या कोर्सचे ६० क्रेडिट्स आहेत, पण एक विषयगट ऐच्छिक पेपरांत पडतो. तिने तो पहिल्याच सेमिस्टरला निवडला आहे.